पहाडवेल तोडण्याची आज्ञा

पूर्वी सह्य पर्वताच्या पायथ्याशी पद्मखेट नावाचे नगर होते. विजितसेन राजा तेथे राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्या नगरातील एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव भद्रक. आईवडील लवकर वारले, म्हणून चुलत्याने त्याला वाढवले. हे चुलते म्हणजे आचार्य सुदर्श, राजवैद्यशाळेचे मुख्य. त्यांना मूलबाळ नव्हते. आपल्यामागे वैद्यशाळेची गादी भद्रकानेच चालवावी असे त्यांच्या मनात होते, आणि नगरातही सगळे तसेच समजत.

पद्मखेटात दर शरद ऋतूत रक्तातिसाराची साथ येई. नदीचे गढूळ पाणी निवळू लागले की आधी कुंभारवाड्यात, मग कोष्ट्यांच्या आळीत, मग सगळीकडे लोक पोट धरून झोपत. त्यावर एकच औषध चालत असे. वैद्यशाळेत मिळणारे ते करड्या रंगाचे, अतिशय कडू चूर्ण. त्याला राजमूळ म्हणत. ते कशाचे करतात हे बाहेर कोणालाही ठाऊक नव्हते. ज्याच्या घरून तूप, वस्त्र किंवा वासरू येई त्याला चूर्ण लगेच मिळे. ज्याच्या घरून काही येत नसे तो दारात बसून राही.

या राजाच्या आजोबांनी एक आज्ञा दगडावर कोरून वैद्यशाळेच्या दाराशी उभी केली होती. राजमुळाचे मूळ, खोड किंवा पान जो वैद्यशाळेबाहेर देईल, अथवा त्याची ओळख दुसऱ्याला सांगेल, त्याचा उजवा हात मनगटापासून तोडावा. भद्रकाने लहानपणी अक्षरे गिरवली ती याच दगडावरची. तो सव्वीस वर्षांचा होईपर्यंत त्याने हजारो रोग्यांना ते चूर्ण दिले होते, पण ते ज्याचे होते ते झाड त्याने कधी पाहिले नव्हते. डोंगरातले कंदखणे लोक मुळ्या वाळवून, तुकडे करून पोत्यांतून पाठवत. पान ओळखणारे वैद्यशाळेत फक्त आचार्य सुदर्श होते.

एका वर्षी पोती निम्मीच आली. आचार्यांनी भद्रकाला बोलावून सांगितले, “वर खैरमाळाला जाऊन ये. ते लोक मूळ कुठे लपवतात का बघ. साथ तोंडावर आली आहे.”

खैरमाळ हा डोंगराच्या खांद्यावरचा पाड्याएवढा गाव. वैद्यशाळेचा एक पहारेकरी तेथे कायम राहत असे. कोणी कंदखण्याने एखादी मुळी घरात ठेवू नये, कुंपणावरच्या वेलीचे पान तोडू नये, यासाठी त्याची नेमणूक होती. तोच भद्रकाला चढ चढवून वर घेऊन गेला आणि कंदखण्यांची मुख्य असलेल्या जांभी नावाच्या बाईच्या झोपडीसमोर उभे केले.

जांभी पन्नाशीची होती. तिचे हात मातीत खणून खणून झाडाच्या सालीसारखे झाले होते. ती उठली नाही. तिच्या मांडीशी तिची तरुण मुलगी उंबरी निपचित पडली होती. भद्रकाने तिच्याकडे एकदा पाहिले आणि त्याला पोत्यांबद्दल विचारायचे सुचेना.

“किती दिवस झाले?” त्याने विचारले.

“पाच. काल सकाळपासून नुसतं रक्त पडतंय.”

“मी खाली जाऊन राजमूळ घेऊन येतो. उद्या दिवस मावळायच्या आत परत येईन.”

जांभीने त्याच्याकडे असे पाहिले की भद्रक गोंधळला. मग तिने हात लांब करून झोपडीच्या कुंपणाकडे दाखवले. करवंदीच्या जाळीवर एक नाजूक वेल पिळे घालत चढली होती. तिची गोल, मऊ लव असलेली पाने उन्हात हलत होती. मधूनमधून तांबडी, मोहरीहून थोडी मोठी फळे होती.

“हे बघा तुमचं राजमूळ,” ती म्हणाली. “आम्ही तिला पहाडवेल म्हणतो. माझ्या आजीच्या आजीपासून म्हणतो.”

भद्रकाने वेलीकडे पाहिले, मग मुलीकडे. दोघींमध्ये वीस पावलांचेही अंतर नव्हते.

“मग तिला दिली का नाहीस?”

“खैरू,” जांभीने हाक मारली, “जरा बाहेर ये.”

झोपडीमागून एक माणूस आला. त्याच्या उजव्या मनगटापुढे काही नव्हते.

“हा माझा भाऊ,” जांभी म्हणाली. “गेल्या वर्षी शेजारणीच्या लेकीला यानं चार पानं दिली. लेक जगली. याचा हात गेला. तुमची पोती कमी का आली म्हणून विचारायला आलात ना? यानं खणलेली पोती त्यातली अर्धी असत.” तिने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. “आता ही म्हणते, आई, तू वेलीला हात लावू नकोस. तुझाही हात गेला तर खणायचं कोणी, आणि या घरातली बाकीची तोंडं खातील काय.”

पहारेकरी मान खाली घालून उभा होता. तो दुष्ट नव्हता. पण खैरूची बातमी खाली पोचवणारा तोच होता, आणि आजही तो तेच करणार हे सगळ्यांना माहीत होते.

आपण आजवर दिलेले प्रत्येक चिमूटभर चूर्ण भद्रकाला आठवत होते, आणि दारात बसून राहिलेली माणसेही. मग तो जांभीजवळ खाली बसला.

“माई, तू वेलीला हात लावू नकोस. कसं करायचं ते नुसतं सांग. हात माझे.”

“सांगणंही गुन्हा आहे. दगडावर लिहिलंय म्हणतात.”

“मी वैद्यशाळेचाच आहे. माझ्याच चूर्णाची ओळख तू मला सांगितलीस तर दगड काय म्हणेल ते मी बघतो. लवकर सांग.”

तेव्हा जांभीने सांगितले. भद्रकाने तिच्या सांगण्याप्रमाणे ओंजळभर कोवळी पाने खुडली, स्वच्छ पाण्यात टाकून तळहातांनी चोळली, कुस्करली, आणि फडक्यातून तो हिरवा रस भांड्यात गाळला. जांभीने त्याला भांडे न हलवता थांबायला सांगितले. थोड्या वेळाने त्याने भांडे तिरके केले तर पाणी वाहीना. ते थिजले होते. हिरव्या, थरथरणाऱ्या खरवसासारखे झाले होते. भद्रक वैद्याच्या घरात वाढला होता, तरी असे त्याने कधी पाहिले नव्हते. त्याने ते बोटाने उंबरीच्या ओठांत भरवले. मग स्वतः खणलेले मूळ सहाणेवर उगाळून तेही चाटवले.

पहारेकरी म्हणाला, “वैद्यराज, हे मला खाली सांगावं लागेल.”

“सांग. नाव मात्र बरोबर सांग. पानं भद्रकानं खुडली, भद्रकानं दिली.”

तो चार दिवस खैरमाळावर राहिला. दुसऱ्या दिवशी उंबरीच्या पोटातली कळ कमी झाली, चौथ्या दिवशी तिने स्वतःहून पेज मागितली. त्या चार दिवसांत जांभीने त्याला वेलीचे सगळे सांगितले. गळवावर आणि चिघळलेल्या जखमेवर पान वाटून लावतात. हुडहुडी भरून येणाऱ्या तापात मुळाचा काढा देतात. बाळंतिणीच्या ओटीपोटात दुखत राहिले तर हेच मूळ देतात, पण पोटात मूल असताना कधीच देत नाहीत. मूळ सगळे खणायचे नाही; अर्धे कापून घ्यायचे, उरलेल्यावर माती लोटायची, म्हणजे वेल दुसऱ्या वर्षी तेथेच येते. तिच्यासारखीच दिसणारी एक विषारी वेल दरीच्या कडेला होते. तिचे देठ पानाच्या काठाला जोडलेले असते. पहाडवेलीचे देठ काठाला नसते. ते पानाच्या पाठीवर, जरा आत जोडलेले असते. तरीही शंका आली तर पान पाण्यात कुस्करून पाहायचे. विषारी वेलीचे पाणी पाणीच राहते.

“एवढं सोपं?” भद्रकाने विचारले.

“सोपं आहे म्हणून तर दगड लावावा लागला,” जांभी म्हणाली.

पाचव्या दिवशी तो नगरात उतरला. पहारेकरी त्याच्या आधी पोचला होता. आचार्य सुदर्श त्याची वाट पाहत दारातच उभे होते. त्यांनी त्याला आत नेले, दार लावले.

“त्या पहारेकऱ्याला मी समजावलं आहे. तो गप्प राहील. पुढच्या पौर्णिमेला मी तुला गादीवर बसवतो. डोंगरात जे झालं ते तू विसर, मीही विसरतो.”

“काका, त्या गावात औषध कुंपणावर आहे आणि माणसं त्याच्याखाली मरतात.”

“आणि उद्या प्रत्येक जण आपल्या मनानं रानातलं पान तोडून खाऊ लागला तर? चुकीचं पान खाऊन मेलेली माणसं मी पाहिली आहेत, भद्रका. म्हणून आपल्या वाडवडिलांनी हे जपलं.”

“ओळखायची खूण त्या बाईनं मला अर्ध्या घटकेत शिकवली. ती खूण आपण लोकांना शिकवली असती तर चुकीचं पान कोणी खाल्लंच नसतं. आणि जपलं कोणी? आपण नाही. त्यांनी. आपण फक्त दगड लावला.”

आचार्यांचा चेहरा लाल झाला. “तू बाहेर एक शब्द बोललास तर मी तुला वाचवू शकणार नाही.”

“वाचवू नका,” भद्रक म्हणाला. त्याने आचार्यांना वाकून नमस्कार केला, दार उघडले आणि तो निघाला.

कुंभारवाड्यात साथ लागली होती. भद्रक भरदिवसा तेथे गेला आणि मातीच्या खाणीच्या काठावर जाऊन उभा राहिला. त्याला जे दिसेल असे वाटले होते ते दिसले. खाणीच्या कडेने पहाडवेल पसरली होती. कुंभारणी वर्षानुवर्षे तिच्या वेलांनी सरपणाच्या मोळ्या बांधत होत्या.

त्याने आल्यागेल्याला बोलावले. पान उलटे करून देठ दाखवले. पाण्यात कुस्करून दाखवले. लोक भांड्याभोवती गोळा झाले, आणि पाणी थिजले तेव्हा एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “अहो, म्हणजे ही आमच्या शेळ्यांच्या तोंडची वेल? हिच्यासाठी मी माझं एकुलतं वासरू वैद्यशाळेत नेऊन दिलं?”

“होय, आजी. तीच ही.”

दुसऱ्या दिवशी तो कोष्ट्यांच्या आळीत गेला, तिसऱ्या दिवशी नदीच्या घाटावर. तो कुजबुजत नव्हता, कोपऱ्यात बोलावत नव्हता. घाटावर तो शिकवत असतानाच राजाचे शिपाई आले. त्याने हातातले पान शेजारच्या बाईच्या हातात दिले आणि त्यांच्याबरोबर चालू लागला.

राजा विजितसेन क्रूर म्हणून प्रसिद्ध नव्हता. पण आजोबांची आज्ञा मोडली गेली की आपलीही मोडली जाईल, असे त्याला वाटत असे. दरबार भरला. आचार्य सुदर्शांनी सांगायचे ते सांगितले. पुतण्याचे नाव घेताना त्यांचा आवाज खाली गेला.

“पानं दिलीस?” राजाने विचारले.

“दिली, महाराज.”

“ओळख सांगितलीस?”

“सांगितली. तीन दिवस सांगितली. तुमचे शिपाई आले नसते तर चौथ्या दिवशीही सांगितली असती.”

दरबारात कुजबुज झाली. राजाने हात वर केला. “तुझं वय, तुझं घराणं पाहून एक संधी देतो. तुझ्याकडून कोण कोण शिकलं त्यांची नावं सांग. त्यांना मी समज देऊन सोडीन, आणि तुझा हात राहील.”

“मी शिकवलं ते मी सांगितलं. कोण शिकलं ते सांगणार नाही.”

“मग त्यांनी शिकून तरी काय उपयोग?” राजा संतापून म्हणाला. “नगराभोवती ती वेलच राहिली नाही तर कोण कशाची ओळख पटवणार आहे? सेनानायक पिंगळ! सगळे सैनिक काढ. सात कोसांच्या आत ती वेल जिथे असेल तिथून उपटून मैदानात आणा आणि जाळा. खैरमाळावरची तेवढी वैद्यशाळेसाठी राहू द्या. आणि याला मैदानाच्या कडेला बांधून ठेवा. शेवटची वेल जळाली की याचा हात तोडा. त्यानं ते डोळ्यांनी पाहू दे.”

भद्रक शांतपणे म्हणाला, “महाराज, एक गोष्ट आत्ताच सांगतो. मागाहून मी फसवलं असं कोणी म्हणू नये. वेल उपटायची तर आधी ती ओळखावी लागेल. ज्यांना उपटायला पाठवाल त्यांना ती दाखवावी लागेल.”

“सैनिक माझे आहेत. माझ्या आज्ञेशिवाय ते तोंड उघडत नाहीत.”

“नाही उघडणार. पण घरी जातील.”

राजाला त्या बोलण्यात उद्धटपणाच तेवढा ऐकू आला. त्याने दरबार उठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाशे सैनिक मैदानात उभे राहिले. आचार्य सुदर्श त्यांच्यासमोर आले. तीन पिढ्यांनी जे झाकले ते असे उघड्यावर बोलायची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी एवढेच सांगितले की पान गोल असते आणि वेल झाडावर चढते. सैनिक निघाले. दुपारपर्यंत त्यांनी मैदानात ढीग रचला. त्यात गुळवेल होती, भोपळ्याचे वेल होते, कोणाच्या परसातली तोंडलीही होती, आणि एका तांबोळ्याचा अख्खा पानमळा होता. तांबोळी रडत ओरडत मागून आला. त्याच्यामागे भोपळेवालेही आले. ढिगात पहाडवेलीचा एक तंतूही नव्हता.

राजाला हे कळले तेव्हा त्याने निरोप पाठवला. आचार्यांनी नीट दाखवावे, नाही तर तांबोळ्याची भरपाई वैद्यशाळेने करावी.

तेव्हा पुढच्या सकाळी आचार्यांनी खैरमाळाहून मागवलेली खरी वेल हातात घेतली. त्यांनी पान उलटे करून देठ कुठे जोडलेले असते ते दाखवले. पण मागच्या रांगांना दिसेना, आणि सैनिकांनी पुन्हा काहीबाही उपटून आणले तर काय, ही भीती होतीच. शेवटी त्यांनी मडकी मागवली. प्रत्येक दहा जणांत एक मडके ठेवले. प्रत्येकात पाने कुस्करायला लावली. मैदानाच्या कडेला खांबाशी बांधलेला भद्रक हे पाहत होता. सहाशे धिप्पाड माणसे मडक्यांवर वाकून बसली होती, आणि वैद्यशाळेचा मुख्य रांगांमधून फिरत सांगत होता, “घाई करू नका. थांबा. आता मडकं तिरकं करा.”

पाणी थिजले. सैनिकांमध्ये आधी हशा उठला, मग हळूहळू शांतता पसरली. त्यांच्यापैकी कुंभारवाड्यातले कितीतरी होते, कोष्ट्यांच्या आळीतले होते.

सेनानायक पिंगळ उठला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने विचारले, “आचार्य, हे म्हणजे तेच का? राजमूळ?”

आचार्य पुढच्या मडक्याकडे वळले.

“माझी आई सहा दिवस अंथरुणावर आहे. वैद्यशाळेच्या दारात माझी बायको तीन दिवस बसली होती.” तो थांबला, मग खांबाकडे वळला. “तुम्ही सांगा, वैद्यराज. किती द्यायचं?”

“बोलू नकोस!” आचार्य ओरडले.

“मोठ्या माणसाला ओंजळभर पानांचं,” भद्रक मोठ्याने, मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा म्हणाला. “दिवसातून दोनदा. पाणी उकळून गार केलेलं घ्या. मूळ मिळालं तर उगाळून द्या, पण थोडं. आणि जिच्या पोटात मूल आहे तिला देऊ नका.”

पिंगळने मान हलवली. मग सैनिकांकडे वळून त्याने नेहमीच्या आवाजात आज्ञा दिली, “महाराजांची आज्ञा ऐकली आहे. वेल उपटा आणि मैदानात आणा. चला.”

तीन दिवस सैनिक सात कोसांत फिरले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजा स्वतः मैदानात आला. ढीग त्याच्या घोड्याच्या पाठीएवढा उंच झाला होता. मशाल तयार होती. लाकडाचा ठोकळा आणि कुऱ्हाडही तयार होती. राजाने ढिगाकडे पाहिले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळा ढीग नुसत्या दोऱ्यांचा असावा तसा दिसत होता. एकाही वेलीवर एकही पान नव्हते. मुळेही खालून छाटलेली होती.

“पानं कुठे गेली?” राजाने विचारले.

पिंगळ पुढे आला. “आज्ञा वेल आणायची होती, महाराज. वेल आणली आहे.”

“मी पानांचं विचारतो आहे.”

पिंगळने मान वर केली. “माझ्या वाट्याची माझ्या आईच्या पोटात आहेत, महाराज. काल ती उठून बसली.”

राजाने त्याच्यामागे उभ्या असलेल्या सैनिकांवरून नजर फिरवली. एरवी राजाने पाहिले की सैनिक समोर बघत. आज ते राजाकडे बघत होते. कोणी शस्त्राला हात लावला नव्हता, कोणी ओरडत नव्हते. पण कोणी नजरही खाली घेतली नाही.

राजा घोड्यावरून उतरला आणि खांबाजवळ गेला.

“तू हे आधीच सांगितलं होतंस.”

“सांगितलं होतं, महाराज.”

“तुला हेच हवं होतं.”

“हेच हवं होतं. तेही मी लपवलं नाही. आता आज्ञेप्रमाणे चालायचं तर चाला. दोऱ्या सोडा, मी हात ठोकळ्यावर स्वतः ठेवतो. पण मग दगडावर लिहिलंय ते सगळ्यांना सारखं लावा. माझ्यानंतर पिंगळ. त्याच्यामागे हे सगळे. आणि ज्यांनी एका सकाळी सहाशे जणांना वेलीची ओळख सांगितली त्या आचार्यांचाही हात.” आचार्य सुदर्श जवळच उभे होते, त्यांनी नकळत आपला उजवा हात उपरण्यात ओढून घेतला. भद्रक पुढे म्हणाला, “मला यातला एकही हात नको आहे. मला खैरूचा हवा होता. तो देता येत असेल तर द्या.”

राजाने खैरू कोण ते विचारले. भद्रकाने सांगितले. चार पानांची गोष्ट राजाने पूर्ण ऐकून घेतली. तो हात आपल्याच राज्यात, आपल्याच नावाने तोडला गेला होता हे त्याला आज कळत होते.

त्याने स्वतः दोऱ्या सोडल्या. मशाल विझवायला सांगितली. त्याच संध्याकाळी पाथरवटांनी वैद्यशाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या दगडावर घणाचे घाव घातले, आणि ते तुकडे नदीच्या घाटाच्या मोडलेल्या पायरीत बसवण्यात आले.

राजाने भद्रकाला वैद्यशाळेची गादी देऊ केली. भद्रक म्हणाला, “ज्या बाईनं मला शिकवलं ती वर झोपडीत आणि मी गादीवर, हे मला जमणार नाही.” तेव्हा राजाने जांभीला आणायला पालखी पाठवली. पालखी रिकामी परत आली. जांभीचा निरोप असा होता की वेल इथे वर आहे. ज्याला शिकायचं असेल त्यानं चढून यावं. आणि खैरूला घरबसल्या धान्य मिळेल अशी व्यवस्था राजाने करावी, ते मात्र पालखीतून पाठवायची गरज नाही.

राजाने तसे केले. पहाऱ्याची चौकी उठली. भद्रक खैरमाळाच्या वाटेवर एक पडवी बांधून राहिला. तेथे कुंभारणी येत, वाटसरू येत, इतर राज्यांतले वैद्य येत. तो कोणालाही परत पाठवत नसे आणि कोणाकडून शपथ घेत नसे. दोन वर्षांनी एका सकाळी आचार्य सुदर्श काठी टेकत तो चढ चढून आले. जांभी तेव्हा खणत होती. ते तिच्यापासून जरा दूर उभे राहिले आणि म्हणाले, “अर्धं मूळ सोडायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.” तिने त्यांच्याकडे पाहिले, दुसरे खुरपे त्यांच्याकडे सरकवले आणि म्हणाली, “बसा मग. त्या बाजूनं उकरा.”

ही पूर्वजन्मीची कथा बुद्धत्व पावलेल्या शास्त्यांनी एका डोंगरावरच्या विहारात सांगितली. तेथे गुणक नावाचा भिक्षू होता. त्याला विंचवाच्या दंशावरचा एक लेप ठाऊक होता, पण तो कशाचा हे तो आपल्या एका शिष्याशिवाय कोणाला सांगत नसे. भिक्षूंनी ही तक्रार शास्त्यांकडे नेली, तेव्हा शास्त्यांनी गुणकाला बोलावून सगळ्यांसमोर ही कथा सांगितली आणि म्हणाले, “त्या वेळचा राजा विजितसेन म्हणजे आज येथे बसलेला उपासक महानाम. सेनानायक पिंगळ म्हणजे द्वारपाल सुप्पिय. हात गेलेला खैरू म्हणजे तुमच्यासाठी रोज पाणी आणणारा उदक. जांभी म्हणजे विहार झाडणारी वृद्ध भिक्षुणी धीरा. आचार्य सुदर्श म्हणजे तू, गुणका. तेव्हाही शेवटी तू चढ चढून गेलास. आणि भद्रक वैद्य म्हणजे मीच.”

गुणक उठून उभा राहिला. त्याने तेथेच, सगळ्या भिक्षूंना आणि बाहेर बसलेल्या गावकऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तो लेप कशाचा करतात आणि कसा लावतात ते सांगितले.

शास्ते म्हणाले, “अन्न दिले तर ते संपते, वस्त्र दिले तर ते झिजते. ज्याला जे येते ते त्याने न घाबरता दुसऱ्याला शिकवले तर ते कोणत्याही राजाला परत मागता येत नाही. याला दान म्हणावे.”